पळालेल्या गावाची मोजदाद

माझं गाव मेलं ही बातमी मला माझ्याच यंत्राने दिली, तीसुद्धा चहाच्या वेळेला.

२०४७च्या जनगणनेचा तो दिवस. नागपूरच्या मोजणी केंद्रात आम्ही सगळे भिंतीएवढ्या नकाशासमोर उभे होतो. पहाटे साऱ्या देशाची मोजणी उरकली होती आणि आता एकेक जिल्हा रंगत चालला होता. माणसं वाढली तिथे हिरवा, घटली तिथे पिवळा, माणूसच उरला नाही तिथे राखाडी. सिंधुदुर्ग रंगला तसा किनाऱ्यावर एक बारीक राखाडी ठिपका उमटला. मी तो मोठा करून पाहिला. आडवणे. लोकसंख्या शून्य.

"गेलं बाप्पा कोणाचं तरी गाव," डॉ. येरणे म्हणाले. हे आमचे प्रमुख, अस्सल वऱ्हाडी माणूस.

"माझं," मी म्हणाले.

सरांनी कप खाली ठेवला. 

आता हे यंत्र काय ते सांगते. दारोदार फिरून प्रश्न विचारणारी जनगणना बंद झाली, कारण लोक दार उघडेनात आणि उघडलं तर खरं सांगेनात. मग आली श्वासगणना. आपण श्वास सोडतो त्यात आयसोप्रीन नावाचा वायू अगदी नखभर असतो. मोठ्या माणसाच्या श्वासात जास्त, लहान मुलाच्या श्वासात बराच कमी. झाडंही हा वायू सोडतात, पण फक्त उजेडात. म्हणून मोजणी पहाटेच्या अंधारात, वारा पडलेला असताना करायची. गावागावात एक खांब उभा केला, खांबात लेझर बसवला, त्यातून हवा खेळवली, की गावात किती माणसं निजली आहेत आणि त्यांत पोरं किती, हे कळतं. नाव नको, जात नको, सही नको. या लेझरचं सगळं गणित मी, म्हणजे केतकी गुरवने, मांडलं होतं आणि त्याबद्दल दोन सन्मानचिन्हंही घेतली होती.

शून्याचा अर्थ मला बरोब्बर ठाऊक होता. समुद्र चढतोय. आडवण्याची भातशेती आणि घरं एका खारबंधाऱ्याच्या जिवावर कोरडी आहेत, आणि तो बंधारा फुटायला टेकलाय. सरकारचं धोरण साधं आहे: गाव टिकतंय किंवा वाढतंय, तर बंधारा नवा बांधायचा. गाव घटलं किंवा संपलं, तर जमीन समुद्राला सोडून द्यायची. या धोरणाला कुणा साहित्यिक अधिकाऱ्याने 'समुद्रार्पण' असं नाव दिलंय. दोन पावसाळ्यांत माझ्या घराच्या ओट्यावर खेकडे फिरले असते.

मी बाबांना फोन लावला. आमचं बोलणं गणपतीला आणि दिवाळीला, तेही जेवढ्यास तेवढं. पलीकडे ढोलकी वाजत होती.

"बाबा, आहात कुठे?"

"पेडव्याच्या माळार. गावपळण नाय काय? तुका सांगलंलंय मी."

सांगितलं असणार. गावपळणीचा विषय निघाला की माझे कान आपोआप मिटतात. दर काही वर्षांनी ग्रामदेव रवळनाथाचा कौल झाला, की अख्खं आडवणे गाव सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, एकूणएक. ओढ्यापलीकडे पेडव्याच्या माळावर पालं ठोकायची, तीन दिवस तीन रात्री तिथेच रांधायचं, गायचं, नाचायचं. गाव देवाला मोकळं करून द्यायचं, म्हणजे तो तिथली भुतंखेतं हाकलतो असं म्हणतात. मग पुन्हा कौल घ्यायचा. देवाने 'या' म्हटलं तर परतायचं, नाही तर मुक्काम वाढवायचा. कौल घेणारे गुरव म्हणजे आमचे बाबा, जयराम गुरव. मागच्या गावपळणीच्या वेळी मी त्यांना म्हणाले होते, की भुताला भिऊन पळणाऱ्या गावात मी राहणार नाही. तेव्हापासून आमची दिवाळी-गणपतीची बोली सुरू झाली.

"बाबा, पहाटे मोजणी होती! साऱ्या देशाला तारीख माहीत होती."

"आमकाय म्हायत होती. पण मोजतत माणसांक ना? माणसां सगळी हयसर आसत. श्वास मोजतास ना तुमी? मगे आमी काय हय नाक दाबून बसलंव?"

मी नकाशाकडे पाहिलं. आडवण्याला खेटून पेडवे हिरवंगार झळकत होतं. माझं गाव मेलं नव्हतं, ते शेजाऱ्याच्या खात्यात जमा झालं होतं.

*

हरकत घ्यायला मुदत होती, पण थोडी. येरणेसरांनी फिरतं यंत्र मागवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं माळावर पोचलो.

पहिला माणूस भेटला तो पेडव्याचा सरपंच आत्माराम तांडेल, हातात कोकम सरबताचे पेले घेऊन. "मॅडम, तुमच्या यंत्राचा भला होवो! एका पहाटेत आमचो गाव दुप्पट झालो. आता सरकार आमका दवाखानो देतला."

"तांडेलकाका, ती माणसं आडवण्याची आहेत."

"असतीत. पण सोडलेलो श्वास कोण परत घेता काय?" असं म्हणून ते हसत पुढे गेले.

माळावर जत्रा भरली होती. चुली पेटल्या होत्या, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या, आणि जिथे पाहावं तिथे पोरं. झाडावर पोरं, ओढ्यात पोरं, गाडीच्या टपावर पोरं. माझ्या गणिताने आडवणे हे म्हाताऱ्यांचं, विझत चाललेलं गाव ठरवलं होतं. चाकरमान्यांची पोरं असणार, गावपळणीची मजा बघायला मुंबईहून आलेली, असं मी मनाशी म्हटलं.

"इलंस गो? रोडावलंस," सुमतीकाकी म्हणाली. ही माझी सख्खी चुलती आणि आता गावची सरपंच. मी तिला सगळं सांगितलं. आडवण्याच्या हद्दीत, खांबाजवळ, एका पहाटे पुन्हा मोजणी करायला परवानगी आहे. परवा दुपारी मुदत संपते.

"उद्या सकाळी कौल आसा," काकी म्हणाली. "देव 'येवा' म्हणालो तर उद्याच घराक जातलंव. परवा पहाटे काय ता मोज."

"आणि नाही म्हणाला तर?"

काकीने बाबांच्या पालाकडे पाहिलं.

बाबा शहाळं सोलत बसले होते. थकले होते, पण कोयता पहिल्यासारखाच चालत होता. बाजूच्या पालात रवळनाथासाठी काढून ठेवलेली फुलं ओल्या फडक्यात झाकलेली होती. कौल कसा घेतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मी शेजारी बसले आणि बोलायचं नव्हतं तेच बोलले.

"बाबा, उजवी पाकळी जरा कमी ओली करून लावली, तर कुणाला कळणार आहे? बंधाऱ्याचा प्रश्न आहे. गाव बुडेल."

कोयता थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या यंत्रात आडवण्याचो आकडो तुका बदलता येता?"

येत होता. संकेतशब्द माझाच होता. नागपूरहून येताना विमानात तो विचार माझ्या मनात तीनदा येऊन गेला होता.

"येतो," मी म्हणाले.

"मगे बदललंस कित्याक नाय?"

मी ओल्या फडक्याखालच्या फुलांकडे पाहिलं.

"मी पाकळी सरकवतलंय आणि तू आकडो सरकवतलंस, तर मगे ह्या लोकांनी इस्वास ठेवचो कोणावर?" त्यांनी शहाळं माझ्या हातात दिलं. "पी. दमलंस."

मला लाज वाटली आणि का कोण जाणे, फार दिवसांनी बरंही वाटलं. आम्ही बापलेक एकाच धंद्यात आहोत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

सकाळी बाबा आणि मानकरी तेवढे देवळात जाऊन आले. अख्खा माळ ओढ्याच्या काठाशी उभा होता. बाबांनी दुरूनच हात आडवा केला. डावा कौल.

*

माणूस हरला की आधी पाणी मागतो. मी चुलीजवळच्या हंड्यातून तांब्या भरून घटाघटा प्यायले. बाजूला बसलेल्या बायका हसायला लागल्या.

"काय झालं?"

"पेडव्याच्या तळयेचा पाणी ता," काकी म्हणाली. "मचूळ. तीन दिस आमी नाक मुरडून पितंव. तुका चव कळाची नाय. बारा गावचा पाणी प्यालला चेडू तू!"

बायका पुन्हा हसल्या. मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

पाणी!

माझ्या लेझरचा एक आकडा आम्ही रोज कचरा म्हणून फेकून देत होतो. हवेत दमटपणा असतो, त्याने मोजमाप बिघडतं, म्हणून यंत्र श्वासातली वाफही मोजतं आणि वजा करून टाकतं. त्या वाफेत गोष्ट दडलेली असते. पाण्यातल्या हायड्रोजनला एक जड भाऊ आहे. तळ्याचं पाणी उन्हात तापतं तेव्हा हलकं पाणी आधी उडून जातं आणि जड मागे राहतं. म्हणून पेडव्याच्या तळ्याचं पाणी जड. आडवणे पितं ते सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, पोटातल्या झऱ्याचं पाणी. पाऊस कातळात मुरतो तो ऊन न लागता थेट घागरीत येतो, म्हणून ते हलकं. माणसाच्या अंगातलं पाणी म्हणजे त्याने गेले काही आठवडे प्यालेलं पाणी. श्वासाची वाफ तेच पाणी बाहेर टाकते. माणूस निजला कुठे ते आयसोप्रीन सांगतं. माणूस राहतो कुठे, ते वाफ सांगेल!

मी येरणेसरांकडे अक्षरशः धावत गेले. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"तीन दिवस हे लोक तळ्याचंच पाणी पिऊन राह्यले ना?"

"रुपयातले चार आणे बदललं असेल, सर. बारा आणे अजून झऱ्याचं आहे."

"अन् मुंबईवाले?"

"मुंबईचं पाणी तिसरंच. ते आपोआप वेगळे पडतील."

"मंग ऐका, बाई." सर गंभीर झाले. "नियमात 'रहिवासी' असा शब्द आहे, तो आपल्या बाजूचा आहे; पाण्याने रहिवासी ठरला तर माळावर मोजलं तरी चालते. पण हे दुधारी आहे. मागच्या जनगणनेत हे गाव चारशे बाराचं होतं. ही गर्दी मुंबईची निघाली अन् गाव तीनशेवर आलं, तर शून्यावर हरकत तरी घेता येते, खऱ्या आकड्यावर कोणती हरकत घेसान? बंधारा कायमचा गेला समजा."

मी काकीला आणि बाबांना तेच सांगितलं, एकही शब्द न गाळता. माझं गणितही घट दाखवतंय हेसुद्धा सांगितलं. काकीच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाबांनी खांद्यावरचा पंचा झटकला.

"खरा काय ता येंवदे," ते म्हणाले. "खोट्या शून्यापरीस बरा."

अडचण एकच होती. खाडीच्या दमट हवेत माणसाच्या श्वासाची वाफ हरवून जाते. ती वेगळी काढायची तर सगळ्यांनी एका वेळी श्वास सोडायला हवा, मग थांबायचं, मग पुन्हा एका वेळी. ठेका पक्का असला की यंत्र त्या ठेक्यावर येतं-जातं तेवढंच उचलतं आणि बाकी हवा सोडून देतं. आम्ही ओढ्याच्या काठाशी ओळीने बारीक भोकांच्या नळ्या टाकल्या, म्हणजे प्रत्येक भोकाला जवळच्या दोन-तीन माणसांचाच श्वास मिळेल. संध्याकाळी येरणेसरांनी शिट्टी घेऊन तालीम सुरू केली.

पहिल्या शिट्टीला अर्ध्यांनी श्वास घेतला आणि अर्ध्यांनी सोडला. दुसरीला पोरांनी शिट्टीची नक्कल केली. तिसरीला गावातली यच्चयावत कुत्री सरांभोवती गोळा झाली. एक आजोबा म्हणाले, की श्वास आपण होऊन येता तोच बरो, सांगून काय तो येणा नाय.

"तुमच्या गावात कोणतीच गोष्ट एका दमात होत नाही का हो?" सर वैतागून ओरडले.

मी आणि बाबांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं.

*

पहाटे अजून अंधार होता. वारा पडलेला होता. सगळं आडवणे ओढ्याच्या काठाशी, गावाकडे तोंड करून उभं राहिलं. पुढे पोरं, मग बायामाणसं, मागे पुरुष, आणि कडेला चाकरमानी. माझ्या गावाची मोजणी मीच करणं बरं दिसलं नसतं, म्हणून यंत्रावर येरणेसर बसले आणि मी लोकांत जाऊन उभी राहिले. तांडेलकाका पेडव्याची दहा-बारा माणसं घेऊन हजर होते. आमचो काय श्वास चुकून तिकडे जाता नये, म्हणाले.

बाबांनी हात जोडले आणि देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो आवाज माझ्या बरगड्यांत घुमला. शेकडो छात्या एकदम रिकाम्या झाल्या आणि एकदम भरल्या.

"ही तुझी लेकरां तुझ्या हुकमान गाव सोडून हद्दीर येवन रवली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंका मोजूक सरकारान यंत्र धाडल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"ता यंत्र म्हणता, आडवण्यात कोण एक माणूस नाय!"

"व्हय म्हाराजा!" पोरांनी सवयीने ठोकून दिलं आणि पिकलेल्या माणसांनी जिभा चावल्या. बाबांनी एक डोळा उघडून पोरांकडे पाहिलं आणि आवाज चढवला.

"तर ह्या लेकरांच्या अंगात तुझ्या झऱ्याचा पाणी आसा, ता त्या यंत्राक दाखव!"

"व्हय म्हाराजा!"

"लेकरां आसत थोडी तर थोडी दाखव, जास्त आसत तर जास्त दाखव, पण खरी दाखव!"

"व्हय म्हाराजा!"

मीही ओरडत होते. शाळेच्या वयापासून तोंडात न आलेले दोन शब्द असे आले, की घसा दुखला तरी थांबवेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं. बाबा मागत गेले. बंधाऱ्यासाठी, गुरांसाठी, खाडीतल्या कालवांसाठी, पेडव्याच्या दवाखान्यासाठीसुद्धा. त्यावर तांडेलकाकांनी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं.

पूर्वेला फटफटलं तसे येरणेसर गाडीतून उतरले. त्यांचा चेहरा पाहून मला काहीच कळेना. ते सरळ बाबांसमोर येऊन उभे राहिले.

"गुरवबुवा, तीस वर्षं मी मोजतो आहे. असा सिग्नल माझ्या प्रयोगशाळेत आला नाही कधी." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं गणित चुकलं."

मी यंत्राकडे धावणार, तोच ते पुढे बोलले.

"झऱ्याचं पाणी अंगात असलेली माणसं पाचशे अडतीस. त्यांत पोरं एकशे एकतीस. हे गाव म्हातारं नाही होऊन राह्यलं. हे पाळण्यात आहे!"

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग काकीने कमरेचा पदर सोडून अशी काही आरोळी ठोकली, की झाडांवरचे बगळे उडाले. ढोल सुरू झाले. लोक येरणेसरांना खांद्यावर घेऊन नाचायला लागले आणि ते "अरे पडन ना मी" म्हणत होते, पण उतरत नव्हते.

मी त्या पोरांकडे नव्याने पाहिलं. ती मुंबईची नव्हती. शहरातला उन्हाळा सोसेनासा झाला, काम घरबसल्या करता येऊ लागलं, खाडीत कालवांची शेती रुजली, तशी तरुण माणसं, ग्रामपंचायतीच्या दप्तरातही न येता, गुपचूप परत आली होती आणि त्यांनी घरं भरून टाकली होती. देशातल्या घटत्या गावांवर मी भाषणं देत फिरत होते, आणि माझंच गाव माझ्या पाठीमागे वाढत होतं.

सरांनी तिथूनच केंद्राला कळवलं. पुढच्या दोन महिन्यांत देशभरच्या मोजणीतला तो वजा केलेला, पण नोंदीत राहिलेला आकडा आम्ही पुन्हा तपासला; कोरड्या हवेत तो ठेक्याशिवायही वाचता येत होता. नुकतेच ऊसतोडीला गेलेले, मेंढरांमागे गेलेले, वीटभट्टीवर गेलेले, ज्याचं पाणी ज्या गावचं तो त्या गावी मोजला गेला. नकाशावरची राखाडी गावं एकामागून एक हिरवी झाली. त्यांत पेडवे मात्र उतरलं, पण नव्या बंधाऱ्याने त्यांचीही शेतं वाचणार असल्यामुळे तांडेलकाकांनी फार मनाला लावून घेतलं नाही. दवाखाना दोन्ही गावांना मिळून मिळाला.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळी बाबा देवळात गेले आणि थोड्या वेळाने ओढ्यापलीकडून त्यांनी उजवा हात उंच केला. गुरं आधी सुटली, मग पोरं, मग आम्ही. निघताना येरणेसरांनी मला बाजूला घेतलं.

"एक सांगायचं राह्यलं. त्या गर्दीत एक ठिपका नागपूरच्या पाण्याचा निघाला. मी तर गाडीत तोंड दाबून बसलो होतो."

"ती मीच, सर."

"तुम्हाला वजा करावं लागलं मला," ते ओशाळून म्हणाले.

"बरोबर केलंत," मी म्हणाले. बरोबरच होतं ते, तरी लागलं.

झऱ्यापाशी बाबा थांबले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ओंजळीने पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं.

"अंगातला पाणी बदलूक किती दिस लागतत गो?"

"पंधरा दिवसांत बरंचसं बदलतं, बाबा. महिन्याभरात जवळजवळ सगळंच."

"मगे रव म्हयनोभर," ते म्हणाले आणि तांब्या भरून माझ्यासमोर धरला.

येरणेसर गाडीत बसून वाट बघत होते. मी त्यांना हात हलवून जायला सांगितलं आणि तांब्या तोंडाला लावला.